डिस्कवरचे बिऱ्हाड

या प्रकरणात मला एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. प्रश्न आधी स्वच्छ मांडावा, ही सवय मला अण्णांनी लावली, म्हणून तो मांडते. जी गोष्ट आजतागायत पूर्ण झालेली नाही, जिच्यावाचून जगात कोणाचे फारसे अडत नाही आणि जी आमच्या घरातल्या संगणकाच्या डिस्कवर एका कोपऱ्यात राहत होती, तिचा मला ऐन विशीत इतका मत्सर का वाटला? मत्सर हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. राग आला की माणूस भांडतो आणि मोकळा होतो. मत्सरात तो भांडत नाही, निरखत बसतो. मी त्या काळात सतत निरखत होते, आणि म्हणूनच तेव्हाचे बारीकसारीक तपशील पन्नाशीच्या उंबरठ्यावर आजही मला फळ्यावर लिहिल्यासारखे दिसतात.

आमचे घर जालन्यात, दोन खोल्यांचे, पुढे सिमेंटचे अंगण. नळाला पाणी आले की साऱ्या गल्लीत भांड्यांचा एकच गलका उठायचा आणि ड्रम भरेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नसे. आईचे शिलाई मशीन दिवसभर चालायचे. ते थांबले की समजायचे, एक तर वीज गेली आहे आणि आई काजे-बटणे करते आहे, किंवा चुलीवर काहीतरी उतू गेले आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, परतूर तालुक्यातल्या आष्टीला विज्ञान शिकवत. तिथे खोली करून राहत आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी. धरून घरी येत. म्हणजे आम्हाला अण्णा फक्त शनिवारची संध्याकाळ आणि रविवार एवढेच मिळायचे. इतक्या थोड्या वेळात त्यांच्या वाट्याला कोण किती येते, याचा हिशेब माझ्या मनात लहानपणापासून चालू असे. फाटकाची कडी वाजायची, तांब्याभर पाण्यात ते हात-पाय धुवायचे, पिशवीतून आष्टीच्या बाजारातली वाळके किंवा गुळाची ढेप निघायची. मग भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर मेणबत्त्या लावून वंदना. वंदना झाली की ते मांडी घालून बसत आणि म्हणत, "आण मित्रा, वह्या." माझे नाव संघमित्रा, घरात मित्रा. मी आठवड्याच्या वह्या पुढे ठेवायची. ते पान न् पान पाहायचे, कुठे बोट ठेवून "हे करून पाह्यलं का नुसतं पाठ केलं?" असे विचारायचे, आणि शेवटी लाल शाईने सही करायचे. तोवर येसराच्या आमटीचा वास घरभर पसरलेला असायचा. ती सही झाल्याशिवाय मला भूक लागायची नाही.

वंदनेत धम्माचे वर्णन करणारा एक शब्द आहे, त्याचा अर्थ "ये आणि पाहा" असा सांगणारा. अण्णा विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे असेल, तो शब्द म्हणताना त्यांचा आवाज किंचित चढायचा. हे मी पुढच्या कारणासाठी आत्ताच नोंदवून ठेवते.

करुणा आमच्याकडे राहायला आली ती बारावीनंतर. केदारखेड्याच्या माझ्या आत्याची ही मुलगी, माझ्याहून वर्षाने लहान. जालन्याच्या महाविद्यालयात तिला संगणकशास्त्राला घातले होते. मी त्याच विषयाच्या पुढच्या वर्गात होते, तेव्हा एकीच्या आधाराने दुसरी शिकेल, असा घरच्यांचा विचार. पण करुणा कोणाच्या आधाराने काही करणाऱ्यांपैकी नव्हती. ती उंच, हडकुळी, मोठ्याने हसणारी. भाकरी थापायला बसली की एक हमखास करपणार, कारण तिचे मन दुसरीकडे. आईने टोकले की म्हणायची, "मामी, करपलेली माझीच. वाटणी बराबर झाली." पहिल्याच सहामाहीत ती गणितात नापास झाली आणि निकालाच्या दिवशी दोन वाट्या करडईची भाजी खाऊन शांत झोपली. मला हे समजत नसे. नापास झालेल्या माणसाला भूक कशी लागते?

संगणक घरात आला होता तो माझ्यासाठी. अण्णांनी औरंगाबादहून कोणाच्या तरी ओळखीने जुना घेतला, एस.टी.च्या मागच्या सीटवर मांडीवर धरून आणला आणि आईने त्याला निळ्या कापडाचे झाकण शिवले. डिस्क चार जीबीची. आजच्या मुलांना हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण माझ्या दृष्टीने ते मोकळे मैदान होते आणि त्याची मालकीण मी होते. मग एके दिवशी करुणाने महाविद्यालयातल्या कोणाकडून तरी एक सीडी आणली. मी दुपारी प्रात्यक्षिकाहून घरी आले तर डिस्कचे दोन भाग झालेले.

"काय करून राह्यली तू?" मी विचारले.

"भिंत घातली, ताई. अर्ध्यात तू, अर्ध्यात मी. तुझं सामान बिलकुल हलवलं न्हाई, पाहून घे."

"कोणाला विचारून?"

"मामांना फोनवर विचारलं. ते म्हणले, बघा करून."

आई दारात उभी होती. तिला डिस्क म्हणजे काय ते माहीत नव्हते, पण भाडेकरू म्हणजे काय ते चांगले माहीत होते. ती म्हणाली, "म्हंजे करुणानं आत एक बिऱ्हाड ठेवलं म्हण की." तेव्हापासून घरात त्याला बिऱ्हाड असेच नाव पडले.

त्या बिऱ्हाडाचे खरे नाव हर्ड. वाचकांपैकी ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे समजावून सांगते. समजले नाही तर कथेचे सार हाती येणार नाही. संगणक चालवणारी जी मूळ प्रणाली असते तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. स्मृती कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोणी कुठे लिहायचे, कळफलकावरचे अक्षर कोणाकडे पोहोचवायचे, हे सगळे तो ठरवतो. बहुतेक प्रणालींत हा गाभा म्हणजे कडक मुख्याध्यापक. सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. हर्ड बांधणाऱ्यांनी वेगळा विचार केला. मुख्याध्यापकाच्या हातात फक्त घंटा ठेवायची आणि बाकीची सगळी कामे लहान लहान स्वतंत्र कार्यक्रमांत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, वाटून द्यायची. एक पडला तर बाकीच्यांनी चालू राहायचे. शिवाय हे मुक्त सॉफ्टवेअर. त्यातली ओळ न् ओळ कोणीही वाचावी, बदलावी, पुढे वाटावी. कल्पना सुंदर होती, पण अवघड निघाली. काम लांबत गेले. तेवढ्यात लिनक्स नावाचा साधा, जुन्या पद्धतीचा दुसरा मुक्त गाभा तयार झाला, जगभर पसरला, आणि हर्डची कोणाला निकड राहिली नाही. तरीही काही माणसे ते बांधत राहिली. करुणाने त्यांच्यात जालन्यातून स्वतःला दाखल करून घेतले होते. त्या काळी दोन जीबीहून मोठी जागा हर्डला पेलत नसे, आवाज वाजवता येत नसे, छपाईयंत्राशी त्याचे जमत नसे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, एवढाच त्याचा संसार.

त्या शनिवारी अण्णा आले. वंदना झाली. मी वह्या मांडीवर घेऊन बसले होते. करुणा मध्येच म्हणाली, "मामा, पहिले हे बघा. लाइट जायच्या आत." अण्णा उठले. मी वह्यांसह तशीच बसून राहिले, पण मान वळवून पाहत होते. करुणाने त्यांना खुर्चीवर बसवले आणि म्हणाली, "ही फाइल बघा, हिचं नाव मामा. वाचा." अण्णांनी एका बोटाने आज्ञा टंकली. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी ओळ आली: मामा, लाइट जायला अजून वेळ आहे, चहा घ्या. अण्णा हसले. "तू लिहून ठेवलंय."

"परत वाचा."

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तीच फाइल पुन्हा वाचली. या वेळी ओळ वेगळी: मामा, आता जल्दी करा, लाइट जाणार. आणि खरोखरच थोड्या वेळाने वीज गेली. भारनियमनाचे वेळापत्रक करुणाने एका लहान कार्यक्रमात भरले होते आणि तो कार्यक्रम त्या फाइलीच्या मागे बसवला होता. फाइल उघडली की मागे बसलेला कार्यक्रम घड्याळ पाहून उत्तर द्यायचा. मेणबत्तीच्या उजेडात अण्णांनी तिला खोदून खोदून विचारले. दुसऱ्या प्रणालीत असे करता येत नाही का? करुणा म्हणाली, करता येईल, पण असली बैठक मांडायला तिथे मुख्य माणसाचा अधिकार लागतो. इथे साध्या वापरकर्त्यालाही स्वतःच्या फाइलीमागे स्वतःचा कार्यक्रम बसवता येतो.

"कोणाला विचारावं लागत न्हाई?"

"न्हाई मामा. कोणालाच न्हाई."

"वरच्यालाबी न्हाई?"

"वरचा फक्त घंटा वाजवतो."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या लहानपणी त्यांच्या शाळेत पुस्तकांच्या कपाटाला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. पुस्तक हवे असेल तर दुसऱ्या मुलाला सांगायचे, त्याची मर्जी असेल तर तो काढून द्यायचा. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितले होते, तेही नागरिकशास्त्राचा धडा सांगावा तसे, कोरड्या आवाजात. त्या रात्री काही बोलले नाहीत. पण मला त्यांची ती शांतता ओळखू आली. बारा-तेरा वर्षे मी त्यांच्यापुढे नीटनेटक्या, पूर्ण केलेल्या वह्या ठेवत होते. त्यांच्यावर सही मिळाली, कधी "छान" मिळाले, पण अशी शांतता एकदाही मिळाली नव्हती. ती करपलेल्या भाकरीच्या मालकिणीला, गणितात नापास झालेलीला, एका अर्धवट गोष्टीमुळे मिळाली. त्या रात्री वह्या तपासायच्या राहिल्या. सकाळी तपासल्या, पण ती सही मला शिळी वाटली.

यानंतर शनिवारचा क्रमच बदलला. वंदना, मग बिऱ्हाड, मग वह्या. पुढे पुढे वह्यांचे "आता तू मोठी झाली, तुझं तूच तपास" असे झाले. माझा निकाल लागला. महाविद्यालयात मी पहिली आले. अण्णांनी पेढे आणले, गल्लीत वाटले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि त्याच संध्याकाळी मोसंबी सोलायला घेतली ती करुणाच्या खुर्चीशेजारी बसून. करुणाचे दोन्ही हात कळफलकावर होते, म्हणून ते एकेक फोड सोलून तिच्या तोंडापुढे धरत होते आणि पडद्यावरची ओळ वाचत होते. "हितं कंस बंद केला न्हाई तू," ते म्हणाले. खरेच तो कंस उघडा राहिला होता. करुणा ओरडली, "मामी, मामांनी चूक धरली! आता करणाऱ्यांत यांचंबी नाव टाकते." अण्णा लहान मुलासारखे लाजले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पेढ्याचा रिकामा पुडा घेऊन उभी होते. मलाही मोसंबीची एक अख्खी वाटी मिळाली होती, हे न्यायाने सांगायला हवे. पण ती वाटीत मिळाली होती.

माझे शेवटचे वर्ष आले तेव्हा प्रकल्प करायचा होता. मी शाळांसाठी निकालपत्रके तयार करणारी प्रणाली निवडली. तिला जागा हवी होती. माझ्या अर्ध्या डिस्कवर दर दुसऱ्या दिवशी जागा संपल्याची सूचना येऊ लागली. मला कारण मिळाले, आणि कारण खरे होते, म्हणून ते मला अधिकच आवडले. पुढच्या शनिवारी मी वंदना होताच अण्णांसमोर उभी राहिले. "अण्णा, संगणक माझ्यासाठी घेतला होता. माझं काम पूर्ण व्हायचंय. बिऱ्हाडाचं काम कधीच पूर्ण होणार नाही, ते बांधणारेसुद्धा तसं म्हणतात. ती भिंत पाडा."

करुणाचा चेहरा प्रथमच उतरलेला दिसला. "ताई, तिथलं सगळं पुसलं जाईल. माझ्याकडं दुसरीकडं ठेवायला जागा न्हाई."

आईने मशीन थांबवले. "अगं, बहिणी-बहिणी हाव तुम्ही. कशाला भांडून राह्यल्या?"

"मामी, ताई भांडत न्हाई. ताई अर्ज करते." हे बोलताना मात्र ती हसली नाही.

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. ते शाळेत पॅन्ट घालत आणि घरी धोतर. म्हणाले, "मित्रा, बराबर हाय तुझं. मशीन तुझं हाय. तू म्हणशील तसं होईल." माझा विश्वासच बसेना. मग म्हणाले, "पण ते निकामी हाय असं तू म्हणती. तू चालवून पाह्यलं का?"

"नाही."

"मंग पाह्य. महिनाभर पाह्य. काय चालतं, काय चालत न्हाई, नीट लिही. मंग तूच सांग, पुसायचं का ठिवायचं. तू सांगशील ते करुणा ऐकंल. ऐकशील ना गं?"

करुणाने होकारार्थी मान हलवली. आता ती माझ्याकडे पाहत नव्हती.

म्हणजे निकाल माझ्या हातात आला. बिऱ्हाड राहणार की जाणार हे मी ठरवणार होते, आणि मी ते आधीच ठरवलेले होते. फक्त पुरावा जमवायचा होता. आरोपपत्र असे तयार करायचे, की अण्णांना एका शब्दाची जागा उरू नये. पहाटे वीज असायची. आई अंगण झाडत असायची, एमआयडीसीतल्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि मी चहाचा कप लांब ठेवून कामाला बसायची. शाळेत प्रयोग लिहितात तसे लिहीत गेले: साहित्य, कृती, निरीक्षण. मोठी फाइल एका जागेहून दुसरीकडे नेताना प्रणाली थिजते. दर वेळी थिजते का? नाही. मग केव्हा थिजते? मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फाइल तीच, जागा वेगळी. जागा तीच, फाइल लहान. वीज मध्येच गेल्याने बिघडले असेल अशी शंका नको, म्हणून तपासणी विजेच्या वेळेच्या मधोमध करायची. शेवटी सापडले. दुसरा एखादा कार्यक्रम त्याच वेळी त्याच फोल्डरची यादी वाचत असेल, तरच ती थिजायची. नाही तर कितीही मोठी फाइल सरळ जायची. हे सापडले त्या सकाळी मला झालेला आनंद मी आजही नीट वर्णू शकत नाही. माझी समजूत होती, की शत्रूचे मर्म सापडल्याचा तो आनंद आहे.

करुणा त्या महिन्यात माझ्यामागे फिरकली नाही. फक्त एकदा, भाकरी थापताना, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मेल्यावर डॉक्टर तपासतो तसं तपासून राह्यली तू, ताई. ते जित्तं हाय."

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर मी तो मजकूर अण्णांच्या हाती दिला. त्या दिवशी आईने वांग्याचे भरीत केले होते आणि घरात भाजल्या वांग्याचा धुरकट वास अजून रेंगाळत होता. अण्णांनी लाल पेन काढले. पहिलेच वाक्य होते: ही प्रणाली निरुपयोगी आहे. त्यांनी त्याखाली रेघ ओढली. "हे निरीक्षण न्हाई, मित्रा. हा निष्कर्ष हाय. निष्कर्ष शेवटी लिहायचा." मग ते वाचत गेले. एकदा मागे गेले, पुन्हा वाचले. ती थिजण्याची हकीकत आली तेव्हा त्यांचे पेन थांबले. त्यांनी वर पाहिले नाही, काही बोललेही नाहीत. मी त्यांच्या कपाळाकडे पाहत होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आले, की ही तीच शांतता आहे.

करुणाने त्यांच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली. आधी तिचे ओठ हलत होते. मग ती मोठ्याने हसली. "ताई, तुला कळतंय का तू काय केलं? हे थिजणं समद्यांना माहीत हाय. पण कधी थिजतं ते कोणालाच सापडलं न्हाई. मलाबी न्हाई. ते लोक हेच मागून राह्यले कधीपासून." मी म्हणाले, मी हे त्यांच्यासाठी लिहिलेले नाही. ती म्हणाली, "त्यांना काय करायचं तू कोणासाठी लिहिलं? पाठवू का?"

मी अण्णांकडे पाहिले. ते म्हणाले, "तुझं हाय. तू सांग."

मी पाठव म्हणाले. त्यात औदार्य नव्हते. माझे दोषारोप जगासमोर जावेत, एवढाच हेतू होता. आम्ही दोघींनी इंग्रजी केले, अण्णांनी व्याकरण तपासले, आणि गांधी चमनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन करुणाने ते त्या लोकांच्या सामाईक ई-मेल पत्रव्यवहारात, माझ्या नावाने, धाडले. मीही बरोबर होते. पुन्हा दोन दिवसांनी गेलो तर उत्तर आलेले होते. लिहिणारा कोण, कुठल्या देशाचा, मला माहीत नाही. त्याने लिहिले होते, की इतकी नेमकी तपासणी फार दिवसांनी वाचायला मिळाली, दोष कुठे असावा ते आता दिसते आहे, दुरुस्ती करून पाठवतो, आणि हीच तपासणी करणाऱ्या बाईंनी ती पुन्हा तपासावी अशी विनंती आहे. शेवटी आभार.

मी करुणाकडे वळले. ती पडद्याकडे पाहत होती. तिने त्या लोकांना आजवर दोन दुरुस्त्या पाठवल्या होत्या. एकीला उत्तर नव्हते, दुसरीला "पुढे पाहू" एवढेच. ते ती घरी हसून सांगायची, पण मी आरशात रोज पाहत होते तो चेहरा आता तिला आला होता: ओठ मिटलेले, डोळे स्थिर, निरखणारे. मग मान वळवून ती मला निरखू लागली. खरे सांगायचे तर मला ते फार गोड लागले. परतताना रस्त्यात तिने एकच वाक्य उच्चारले. "बाई म्हणला तुला. मला आजवर कोणी काही म्हणलं न्हाई."

त्या शनिवारी अण्णांनी आल्याआल्या, हात-पाय धुवायच्याही आधी विचारले, "मंग? पुसायचं का?"

करुणा चुलीपाशी होती. तिचा हात पिठात थांबला. मी म्हणाले, "राहू द्या. दुरुस्ती यायची आहे. मला तपासायची आहे."

"अन् तुझा प्रकल्प?"

"महाविद्यालयाच्या संगणकावर करीन."

अण्णांनी मान हलवली आणि पाण्याच्या तांब्याकडे वळले. आईला वाटले, मी बहिणीसाठी माघार घेतली. तिने त्या दिवशी माझ्या ताटात तूप जास्त वाढले. ते मी खाल्ले. मी बिऱ्हाड ठेवले, कारण ते पुसले असते तर त्या परक्या माणसाने "बाई" म्हणून पुन्हा कोणाला विचारले असते? करुणाला. तेवढे मला सोसवणार नव्हते. पण त्या संध्याकाळी संगणकापुढे दोन खुर्च्या लागल्या, आणि अण्णा मधे स्टुलावर बसले, ही गोष्टही खरी आहे. भाकरी दोन करपल्या.

पुढे करुणा हैदराबादला गेली, नोकरीत रमली. मी इथेच तंत्रनिकेतनात शिकवते. अण्णा आता नाहीत. हर्ड अजून अपूर्ण आहे. दोन जीबीची ती मर्यादा केव्हाच गेली, बरेच काही सुधारले, तरी "झाले" असे कोणी म्हणत नाही. नवी आवृत्ती आली की मी ती तपासते आणि काय दिसले ते लिहून पाठवते. करुणा फोन करते, पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, मला न सांगता पाठवलंस ना?" मी हो म्हणते, आणि पलीकडे क्षणभर जे काही घडते ते मला इथपर्यंत ऐकू येते. आता या वयात तो आवाज मला माहेरासारखा वाटतो.

आता प्रश्नाकडे. माझ्या वह्या पूर्ण असायच्या. पूर्ण झालेल्या गोष्टीवर दुसऱ्या माणसाला फक्त सही करता येते. करुणाची गोष्ट अपूर्ण होती, तिच्यात एक कंस उघडा होता, आणि अण्णांना आत येऊन तो बंद करता आला. त्यासाठी त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. मला मत्सर वाटला तो त्या उघड्या जागेचा. माझ्यात ती नव्हती. आरोपपत्र लिहिताना नकळत तयार झाली, आणि मग अण्णा तिथेही आले.

हा माझा निष्कर्ष. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे तो शेवटी लिहिला आहे. पण तो एका मत्सरी मुलीच्या निरीक्षणांवर उभा आहे, म्हणून एक विनंती करते. हर्ड आजही विनामूल्य मिळते. आता त्यासाठी डिस्कवर भिंत घालावी लागत नाही. आपल्याच संगणकात दुसरा काल्पनिक, म्हणजे व्हर्च्युअल, संगणक मांडून ते चालवता येते. साध्या वापरकर्त्याच्या नावाने आत जा. स्वतःची एक फाइल करा आणि तिच्यामागे एक लहानसा कार्यक्रम बसवा. कोणाची परवानगी मागावी लागते का, ते पाहा. मग आपल्या घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून ती फाइल वाचायला सांगा, आणि त्या वेळी ते माणूस काय करते, तेही पाहा. मी लिहिले ते चूक निघाले तर तसे स्पष्ट लिहा. कृपया स्वतः तपासा.